अनुभव सांगा: व्हिडिओ गेममध्ये तुम्ही पहिला क्लास (म्हणजे पात्राचा प्रकार) कोणता घेतला होता?

संत्राबाग:
दिवाळीले भाचा आला होता नागपूरहून, लॅपटॉप घेऊन. एल्डन रिंग सुरू केलं अन् म्हणे, "मामा, मी नवीन आहे ना, म्हणून लेव्हल 1 वाला घेतो." म्हणजे रेच नावाचा क्लास! अंगात कपडा नाही, हातात नुसता सोटा. बाहेर निघाला की सोन्याच्या चिलखतातला तो घोडेस्वार, ट्री सेंटिनल, त्याले तुडवे. मी म्हटलं, बाळा, लेव्हल 1 म्हणजे पहिली इयत्ता नाही, ते शिकून-सवरून आलेल्यांचं काम. व्हॅगाबाँड घे. लेव्हल 9 वर सुरू होते, अंगभर लोखंड, ढाल तलवारीचा वार पूर्ण अडवते. अन् त्या घोडेस्वाराले बाजूने टाळूनही जाता येते.

त्याले पाहून दर्यापूरचा कॅफे आठवला. तिथला गेम डायब्लो 2. मी सोर्सरेस, म्हणजे जादूगारीण, घेतली अन् सगळे पॉइंट एनर्जीत टाकले. मॅना, म्हणजे जादूचं बळ, भरपूर, जीव चिमणीचा. तेव्हा टाकलेला पॉइंट परत निघत नसे. ती सोय 2010 च्या 1.13 पॅचने आली, तोवर कॅफेत झेरॉक्सचं दुकान झालं होतं.

तुमचं सांगा. नव्या पोट्ट्याले कोणता द्यावा?

वेचणीवाला:
डायब्लो 2 चा निक्रोमॅन्सर. विषय संपला. इकडे कापूस वेचाले माणूस भेटत नाही अन् तिकडे मढ्यातून हाडाचे गडी उभे. चहा नाही, बिडी नाही, मजुरी नाही. आपण मागे उभं राहून पाहाचं.

काटोलची_ताई:
दोन गडी आमच्याकडे पाठवा भाऊ, तूर सोंगायची आहे

पांदणरस्ता:
बार्बेरियन, डायब्लो 2 चाच. कॅफेवाला म्हणे दोन्ही हातात दोन तलवारी घेता येतात, तेवढ्यावरच घेतला. पण खरं सांगतो, नवख्याले हाच द्या. मार खाऊन जगते, म्हणून आपण काय चुकलो ते समजाले वेळ भेटते. जादूवाला मरते तेव्हा समजतच नाही कोणी मारलं.

ओलित_रात्रपाळी:
नाही पटलं. एल्डन रिंगमध्ये ॲस्ट्रॉलॉजर हा जादूवाला घ्या, दुरूनच ग्लिंटस्टोन पेबल, म्हणजे जादूचे खडे, हाणाचे. मी रानडुकरं हाकलतो तसाच खेळलो, गोफण घेऊन. जवळ आलं की मात्र आपला खेळ खतम हे कबूल. लाइन आली, मोटर टाकून येतो

वेचणीवाला:
रात्रीची पाळी काय बावा?

ओलित_रात्रपाळी:
हो, हा आठवडा. त्यात डीपी जळली होती चार दिवस

पांदणरस्ता:
आमची अजून जळलेलीच आहे

सूनबाई_यवतमाळ:
मला खेळातलं काही समजत नाही, पण घरातलं सांगते. हे बाल्डर्स गेट 3 खेळतात. 12 क्लास आहेत म्हणे, ते निवडण्यात अख्खा रविवार गेला. शेवटी पॅलाडिन, म्हणजे शपथ घेतलेला योद्धा, घेतला अन् कोणाला तरी भलतंच मारून शपथ मोडून बसले. मग तळावर तो विदर्स नावाचा सांगाडा आहे, त्याला 100 नाणी देऊन फायटर झाले. सोयाबीनचं बियाणं मात्र दुकानदार देईल ते, पाच मिनिटांत!

संत्राबाग:
वहिनी, भाऊंना हा धागा दाखवू नका. पण मुद्दा बरोबर आहे. जिथं 100 नाण्यांत बदलते तिथं डोकं खपवाचं नाही. एल्डन रिंगमध्ये तर क्लास म्हणजे निव्वळ सुरुवातीचा सामान, पुढे कोणीही काहीही शिकते. डायब्लो 2 मध्ये मात्र घेतला तो शेवटपर्यंत तोच, लग्नासारखा.

काटोलची_ताई:
लग्नासारखा काहून? वहिनी वाचून राहिल्या का तुमच्या?

एक_फेज:
एल्डन रिंगचा सामुराई. तलवार पण, धनुष्य पण. बाकीचे काहीही म्हणोत.

वेचणीवाला:
एक सांगाचं राहिलं. माझे हाडाचे गडी डायब्लो 2 च्या दुसऱ्या अंकाच्या शेवटी ड्युरिएल नावाच्या राक्षसापाशी साफ झाले. त्या खोलीत तो एकटाच, दुसरं मढं नाही. नवीन गडी उभे कशातून करू? टाउन पोर्टल, म्हणजे गावात नेणारं जादूचं दार, उघडून पळालो, दुसरं काय.

काटोलची_ताई:
म्हणजे ऐन हंगामात मजूर नाहीच

ओलित_रात्रपाळी:
आलो परत. लाइन गेली

पांदणरस्ता:
किती सऱ्या झाल्या?

ओलित_रात्रपाळी:
तीन