मदत हवी आहे: धमकी देऊन पैसे घेणाऱ्यांना नेमका शब्द काय?

गोदाकाठी
धमकी देऊन पैसे घेणाऱ्या लोकांना मराठीत नेमका शब्द कोणता? खंडणीखोर सोडून सांगा, तो चालणार नाही. गुंड पण नको. आज संध्याकाळपर्यंत हवाय, सकाळपासून नुसती खाडाखोड चाललीये. प्लीज लवकर.

सातपूरकर
खंडणीखोर का चालणार नाही? तोच तर शब्द आहे, पेपरात रोज येतो.

शब्दवेडा
वाक्य द्या हो आधी, नुसत्या शब्दावर कसं सांगणार. दर महिन्याला ठरलेले पैसे नेत असेल तर हप्तेखोर. कुणाचं गुपित फोडायची धमकी असेल तर ब्लॅकमेलर. अंगावर येऊन हिसकावून नेलं तर लुटारू, आणि पाच किंवा जास्त जण मिळून तेच करत असतील तर कायद्यात दरोडा. जुन्या कागदपत्रांत पुंड सापडतो, पुंडाई करणारा, मला तो फार आवडतो, आपण उगाच सोडून दिला. कथा लिहिताय का?

गोदाकाठी
कथा नाही, अर्जात लिहायचंय. हप्तेखोर बघते, पण कागदावर बरं दिसेल का ते?

वाटसरू_७
ताई, पैसे ऑनलाइन गेलेत का? माझ्या मावसभावाला अनोळखी मुलीचा व्हिडिओ कॉल आला, यानं उचलला, दहा मिनिटांनी क्लिप हातात आणि पैशाची मागणी सुरू. घाबरून दोनदा पैसे पाठवले त्यानं. असलं काही असेल तर लगेच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा, जेवढा उशीर तेवढे पैसे पुढच्या खात्यांत सरकत जातात.

गोदाकाठी
नाही हो ऑनलाइन नाही, रोख. मला फक्त शब्द हवाय.

सातपूरकर
कसला अर्ज, कुणाला, कोण पैसे घेतंय, हे सांगितल्याशिवाय शब्द कसा मिळणार? पोलिसांना अर्ज आहे का?

गोदाकाठी
हो, पोलिसांनाच. मला वाटलं ते कळलंच असेल. माझ्या काकांचं पंचवटीत किराणा दुकान आहे, छोटंच. तीन जण येतात, मागच्या दिवाळीपासून महिन्याला तीन हजार, आता पाच मागतायत, आणि परवा काउंटरवर हात ठेवून म्हणाले दुकान चालवायचंय ना. काकांनी अर्ज लिहिला तर त्यात काय लिहिलंय, 'आमच्या भागातील काही मुले वर्गणी मागतात'. मुले! वर्गणी! मी ते वाचलं आणि रडूच आलं. खंडणीखोर लिहू म्हटलं तर काका म्हणतात खंडणी म्हणजे बिल्डरला फोन येतो, पोरगं पळवून नेतात, लाखांची भाषा असते, आपल्या तीन हजाराला खंडणी म्हटलं तर ठाण्यात हसतील. गुंड लिहायला घाबरतात कारण त्यातल्या एकाला त्यांनी लहानपणी स्वतःच्या स्कूटरवर शाळेत सोडलंय.

शब्दवेडा
काकांचं सगळंच चुकीचं नाही. पळवून नेऊन मागितलेले पैसे आणि धमकावून उकळलेले पैसे, दोन्हीला मराठीत आपण खंडणीच म्हणतो, म्हणून तो शब्द ऐकला की अपहरण डोळ्यापुढे येतं. पण मुळात खंडणीचा रकमेशी काही संबंध नाही. खंडणे म्हणजे ठरवून टाकणे. आपल्याकडे जमीन खंडाने देतात ना, वर्षाचे इतके म्हणून, त्याच घरातला शब्द. खंडणी म्हणजे ठरवून घेतलेली रक्कम, मग ती तीन हजार का असेना. हप्ता फारसीतल्या हफ्तवरून, हफ्त म्हणजे सात, म्हणजे आठवड्याचा. इतिहासात तर खंडणी हा राज्यकारभाराचा शब्द होता. चौथाई महसुलाचा चौथा हिस्सा, सरदेशमुखी दहावा, आणि शहरांवर खंडणी बसवायचे.

रानपाखरू
म्हणजे महाराजांनी सुरतेहून आणलं ते आणि हे एकाच शब्दात? हे पटत नाही.

शब्दवेडा
मी कुठे एक म्हणतोय? शब्दाचा प्रवास सांगतोय. १६७० ला दुसऱ्यांदा सुरतेवर गेले, परत येताना आपल्या वणी-दिंडोरीजवळ मोगलांनी अडवलं आणि महाराजांनी त्यांना मोडलं. ते दोन सत्तांमधलं युद्ध होतं. शब्द तोच राहिला, वापरणारे हात बदलले.

रानपाखरू
मग हात बदलले हेच आधी लिहायचं ना. पोरं हे वाचून भलताच अर्थ काढतात.

सातपूरकर
इतिहासाचा वेगळा धागा काढा ना दोघांनी. ताईंना संध्याकाळी अर्ज द्यायचाय.

कोर्टाची_पायरी
वकिली करतो म्हणून लिहितो. भारतीय न्याय संहितेचं कलम ३०८. भीती घालून माणसाकडून पैसे काढून घेणं, एवढीच त्याची गाभ्याची अट, रकमेची किमान मर्यादा कुठेही नाही. हसण्याचा प्रश्नच येत नाही. पैसे दिले नाहीत तरी वसुलीसाठी नुसती भीती घालणं हाही गुन्हा आहे. १ जुलै २०२४ च्या आधी घडलं असतं तर जुन्या कायद्याचं, म्हणजे भादंविचं (भारतीय दंड संहिता), कलम ३८४ लागलं असतं, तिथे तीन वर्षांपर्यंत शिक्षा होती, आता सातपर्यंत आहे. कायद्याच्या मराठीत याला बलादग्रहण म्हणतात.

गोदाकाठी
बलादग्रहण?? काकांना उच्चारता पण येणार नाही.

कोर्टाची_पायरी
लिहूच नका. कलमही लिहू नका, ते पोलीस लावतात.

सातपूरकर
कलम लिहिलेलं बरं असतं, नाहीतर नुसती अदखलपात्र नोंद करून पाठवतात. आमच्याकडे एकदा असंच झालं होतं.

कोर्टाची_पायरी
चुकीचं कलम लिहून अर्ज अडकलेलेही मी पाहिलेत. ताई, माणसाला नाव ठेवण्यापेक्षा त्याचं वागणं लिहा. कोणत्या तारखेला, किती वाजता, किती पैसे, आणि तोंडून निघालेले शब्द जसेच्या तसे. 'दुकान चालवायचंय ना' हे वाक्य आणि काउंटरवरचा हात, हे अर्जात आहे का?

गोदाकाठी
नाही. त्यात 'त्रास देतात' एवढंच आहे.

वाटसरू_७
कॅमेरा बसवा ताई आधी. आवाज रेकॉर्ड होणारा घ्या, आणि कार्डवर साठवणारा नको.

रानपाखरू
काकांना दुकानात एकटं ठेवू नका हो काही दिवस. आणि काही वाटलं तर सरळ ११२.

कोर्टाची_पायरी
माणसांसाठी शब्दच हवा असेल तर पोलिसांचाच घ्या, इसम. नावं माहीत आहेत तर 'खालील तीन इसम' म्हणून नावं लिहा. आणि त्यांनी मागितलं त्याला मात्र खंडणीच म्हणा. वर्गणी अजिबात नको. वर्गणी माणूस राजीखुशीने देतो, तो शब्द राहिला तर उद्या तेच म्हणतील की आम्ही मंडळासाठी मागत होतो.

शब्दवेडा
हे एकदम बरोबर. अर्ज त्या वर्गणीमुळेच लंगडा पडत होता.

गोदाकाठी
आत्ताच काकांजवळ बसून सगळा अर्ज पुन्हा लिहिला. तारखा त्यांच्या उधारीच्या वहीत होत्या, दर महिन्याला नुसतं '३०००' आणि पुढे रेघ, आम्हाला कुणाला माहीतच नव्हतं. 'मुले' त्यांनी स्वतः खोडलं आणि वर 'इसम' लिहिलं. वर्गणी खोडायला वेळ लागला, पेन तसंच धरून बसले होते, मग काकू आतून म्हणाली लिहा आता, तेव्हा खंडणी लिहिलं. निघतोय आम्ही.

सातपूरकर
एक प्रत जास्तीची न्या, त्यावर सही शिक्का आणि आवक नंबर घेतल्याशिवाय उठू नका.