मीटिंगमध्ये शिरताना माइक बंद असावा की चालू?

उद्यमबागवाला (धागाकर्ता)
बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्र्या आणि मशीन शॉपची पुण्या-बेंगळुरूच्या गिऱ्हाइकांशी बरीच बोलणी आता व्हिडिओवर होतात. माझं ठाम मत: शिरताना माइक बंदच असावा. दहा जणांत एकाच्या मागं शॉट ब्लास्टिंग (छर्रे मारून ओतीव भाग साफ करणं) चालू असलं, की अॅप त्या गोंगाटालाच बोलणं समजतं. मोठी चौकट त्याच्याकडं जाते आणि बोलणारा माणूस कोपऱ्यात. एका केबिनमध्ये दोन फोन जोडले तर आणखी वाईट. एकाच्या स्पीकरचा आवाज दुसऱ्याचा माइक उचलतो आणि शिट्टी सुरू होते. अॅप प्रतिध्वनी काढतं ते स्वतःच्या स्पीकरवर काय वाजतंय हे धरून. शेजारच्या फोनचा हिशेब त्याच्याकडं नसतो.

निपाणीकर
अजिबात पटलं नाही. रोजच्या कामात तिघं-चौघंच असतात, तिथं बंद माइक म्हणजे अडथळा. समोरासमोर बोलताना एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला साधारण २०० मिलिसेकंद लागतात. नेटवर तेवढा वेळ आवाज पोचण्यातच जाऊ शकतो. म्हणून तर आयटीयूची (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची) जी.११४ शिफारस एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत ठेवा म्हणते. त्यात माइक उघडण्याची भर पडली, की "थांबा, तो बोअर (भोक) चुकलाय" म्हणेपर्यंत पुढचं ड्रॉइंग उघडलेलं असतं.

आणि फोनवर काय होतं बघा की. डाव्या हातात फोन, कॅमेरा कास्टिंगवर (ओतीव भागावर), उजव्या हातात हातमोजा. थोडा वेळ स्क्रीनला हात लागला नाही की खालची बटणांची पट्टी लपते. एक टॅप पट्टी आणायला, दुसरा माइकला, त्याआधी हातमोजा काढायचा. काही अॅपमध्ये बाहेर पडायचं लाल बटणही त्याच पट्टीत. घाईत बोट तिकडं पडलं की माणूस मीटिंगबाहेर.

खानापूर रोड
निपाणीकर, ही तक्रार पट्टीची झाली, माइक बंद असण्याची नव्हे. पट्टी लपवू नये, लाल बटण दुसऱ्या टोकाला न्यावं. अँड्रॉइडच्या मार्गदर्शनात बटणाला किमान ४८ डीपी (स्क्रीनवरच्या मापाचं एकक) जागा सांगितलीय. शॉपमध्ये हातमोज्यासाठी मी दुप्पट ठेवायला सांगेन. कॉम्प्युटरवर झूममध्ये स्पेसबार दाबून धरला की तेवढ्यापुरता माइक उघडतो, सोडला की बंद. फोनवर तेच काम आवाज कमी-जास्त करायच्या बटणाला द्यावं, ते न बघता सापडतं.

खरा फरक नुकसानीत आहे. बंद माइकमुळं वाक्य परत बोलावं लागतं. उघड्या माइकवरून दराबद्दलची आपापसातली चर्चा गिऱ्हाइकाच्या कानावर गेली, तर ती परत घेता येत नाही.

निपाणीकर
दराचा मुद्दा मान्य. पण माइक बंद आहे हे कळायला तर हवं. काट मारलेला माइक म्हणजे आत्ता बंद आहे, की दाबल्यावर बंद होईल? नवख्या माणसाला दोन्ही अर्थ लागतात. चिन्हाखाली स्पष्ट लिहा, "तुमचा आवाज बंद आहे", आणि ते मराठी-कन्नडमध्येही दिसू द्या. नुसत्या लाल-हिरव्यावर भागवू नका, सगळ्यांना ते रंग वेगळे दिसत नाहीत.

टिळकवाडी ऑडिओ
हेडसेट सगळ्यांच्याच नजरेतून सुटला. त्याचं स्वतःचं म्यूट बटण असतं, आणि बऱ्याचदा अॅपशी त्याचा मेळ नसतो. एकाच दाराला दोन कुलपं. अॅपमध्ये माइक चालू दिसतो, तरी आवाज जात नाही. बंद माइकवर बोललात तर काही अॅप सूचना देतात, पण हेडसेटनंच आवाज कापला तर अॅपपर्यंत काही पोचतच नाही. सूचना येणार कुठून? त्यासाठी शिरण्याआधीच्या पानावर आवाजाची पट्टी हवी. "हॅलो" म्हटल्यावर ती हलली नाही, तर तिथंच "हेडसेटचं बटण बघा" असं यावं.

शिवाय गोंगाट काढणारी सोय. बेअरिंगची खरखर गिऱ्हाइकाला ऐकवायची असते, तेव्हा ती सोय नेमकी खरखरच काढून टाकते. झूममध्ये 'मूळ आवाज' सेटिंग आहे, पण ते सेटिंगच्या पोटात न ठेवता माइकशेजारी हवं.

उद्यमबागवाला
मग असं करा: चौघांपर्यंत चालू, पाचवा आला की बंद.

खानापूर रोड
नको. बोलता बोलता पाचवा शिरला आणि माइक आपोआप मिटला, तर बोलणाऱ्याला पत्ताच लागणार नाही. शिरताना कायम बंदच ठेवा, आणि मीटिंग बोलावणाऱ्याला निमंत्रणात ते बदलता येऊ द्या.

निपाणीकर
निमंत्रण गिऱ्हाइकाच्या ऑफिसातून येतं. तिथल्याला इकडं कंप्रेसर चालू आहे की बंद, हे कसं ठाऊक असणार? निवड शिरणाऱ्याच्याच हातात हवी, शिरण्याआधीच्या पानावर, दोन ठळक बटणांत: "आवाजासह शिरा" आणि "आवाज बंद ठेवून शिरा".