अर्जंट! फळीत बोल्ट जात नाहीये, ड्रिलची तीन बिटं मोडली

खाजनकार: मंडळी मदत हवी. दीड इंची आठ फळ्या आहेत. काल पहिलीला भोक पाडताना दोन बिटं मोडली, आज तिसरं, आणि जो एक बोल्ट कसाबसा गेला तो आवळताना फळी टोकाकडून वीतभर उकलली. मेस्त (सुतार) म्हणतो हे लाकूड नव्हे दगड, मी आता हात लावणार नाही. अवसेच्या आधी बसवायलाच हवं. "चांगला मेस्त बघा" सोडून काहीही सांगा.

फोंडेकर_७२: बाब, लाकूड कुठलं ते तरी सांगा.

खाजनकार: लॉरेल. दुकानदार तसंच म्हणाला.

फोंडेकर_७२: मग माट्टीच की! घाटावर ऐन म्हणतात ती. लाकूडवाले तिलाच इंडियन लॉरेल म्हणतात. गोव्याचा राज्यवृक्ष तो. आमच्या घराचे वासे माट्टीचे आहेत, तीन बिटं काही मोडली नाहीत, तुमची बिटंच स्वस्तातली असणार.

रानवाटा: नावात लॉरेल असलं तरी माट्टी त्या कुळातली नाही हो. लॉरेल कुळ म्हणजे दालचिनी, तमालपत्र, आव्होकाडो वगैरे.

नारळपाणी: आव्होकाडोवरून आठवलं, बी लावून चार वर्षं झाली, झाड माझ्यापेक्षा उंच, फळ एक नाही. कलम करावं का?

मेस्ताचोपूत: नारळपाणी, वेगळा धागा काढा. खाजनकार, भुसा कसल्या रंगाचा? तुकडा पाण्यात टाकून बघितला? आणि फळ्या आहेत कशासाठी?

खाजनकार: मानशीच्या, म्हणजे खाजन शेताच्या बांधातल्या पाणी अडवायच्या झडपेच्या दारासाठी, आणखी कशासाठी? अवस म्हटलं ना वर. जुनं दार सडलंय, यंदाच्या अवसेच्या मोठ्या भरतीला खारं पाणी आत शिरलं तर शेत गेलं. भुसा पिवळट हिरवा. परदेशातल्या जुन्या धक्क्याच्या फळ्या म्हणे.

मेस्ताचोपूत: अहो हे आधी सांगायचं! हिरवा भुसा आणि धक्का म्हणजे ग्रीनहार्ट असणार. दक्षिण अमेरिकेतल्या गयानाच्या रानातलं झाड, लॉरेल कुळातलंच, म्हणजे दुकानदार अगदीच थापा मारत नव्हता. घनमीटरला १००० किलोच्या आसपास भरतं, आधी बादलीत तुकडा टाका. तरंगला तर माट्टी असू शकते. बुडाला तरी शंभर टक्के ग्रीनहार्ट असं नाही, आफ्रिकेतलं एक्की पण बुडतं.

फोंडेकर_७२: मग घेऊ नका, परत करा. माट्टीच बरी.

मेस्ताचोपूत: फळी कापून झाल्यावर कोण परत घेणार? इंग्लंडात लिव्हरपूलच्या गोद्यांचे दरवाजे ह्याच लाकडाचे होते.

दर्यावर्दी: दक्षिण ध्रुवाकडे गेलेल्या शॅकल्टनच्या एन्ड्युरन्स जहाजाला पण वरून ग्रीनहार्टच मढवलं होतं. १९१५ मध्ये बुडालं, २०२२ मध्ये ३००० मीटर खोल सापडलं.

फोंडेकर_७२: म्हणजे बुडालंच ना शेवटी!

दर्यावर्दी: बर्फाने चिरडलं हो. त्यात लाकडाचा काय दोष?

सोपाउपाय: फायबरचं दार लावून टाका आणि सुटा. लाकूडबिकूड कोण करतो आता. आमच्या गेटला आठ वर्षं झाली, रंग पण नाही द्यावा लागला.

रानवाटा: गोव्यात झाड तोडण्याआधी १९८४ च्या झाडं जपण्याच्या कायद्याखाली परवानगी घ्या, हे विसरू नका.

खाजनकार: कोण झाड तोडतंय?? फळ्या विकत आणल्यात. तुकडा बादलीत टाकला, दगडासारखा तळाला गेला. आता भोक कसं पाडू ते सांगा.

मेस्ताचोपूत: कार्बाइडच्या टोकाचं बिट घ्या, ड्रिल हळू फिरवा, थोडं गेलं की बाहेर काढून भुसा झटका. बिट मोडतं ते बहुतेक भुसा अडकून. भोक बोल्टापेक्षा किंचित मोठं ठेवा आणि टोकापासून बोल्टाच्या जाडीच्या सातपट तरी आत घ्या. हे लाकूड टोकाला उकलतंच, करवतीवर ओंडका चढवताना सुद्धा साखळीने बांधतात. बोल्ट ३१६ स्टेनलेसचे (खाऱ्या पाण्यात कमी गंजणारं) घाला. आणि कीड लागतच नाही असं दुकानदार म्हणाला असेल तर तो हिशोब थंड समुद्राचा, आपल्या कोमट मचूळ पाण्यात पोखरणारा किडा जास्त माजतो. दर वर्षी बघत राहा.

मेस्ताला लांब बाह्यांचा शर्ट घालायला सांगा. ह्याचं कुसळ रुतलं तर जखम चिघळते.

खाजनकार: कुसळ?

मेस्ताचोपूत: हो. का?

खाजनकार: त्याच्या अंगठ्यात परवा गेलंय. काल फडकं बांधून होता, मला वाटलं काम टाळायला नाटकं करतोय म्हणून मी पण बोललो दोन शब्द. आत्ता फोन केला, बायको म्हणते अंगठा सुजून लाल झालाय, रात्रभर झोपला नाही.

फोंडेकर_७२: हळद लावा.

मेस्ताचोपूत: हळद नको, आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे न्या. लाकूड कुठलं ते पण त्यांना सांगा.

खाजनकार: स्कूटर काढली. फळ्यांचं आल्यावर बघतो.