मदत हवी आहे: पुराच्या पथकासाठी टॅब, जीपीएस, टीव्ही. काय घ्यावं?

नमस्कार मंडळी. आमचं गाव ब्रह्मपुरी तालुक्यात, वैनगंगेच्या काठावर. गोसीखुर्द धरणाची ३३ दारं उघडल्याची बातमी आली की इथे पोटात गोळा येतो. २०२० च्या ऑगस्टअखेर पाणी चढलं, तेव्हापासून गावात आठ जणांचं पथक आहे: तिघे ढिवर नावाडी, दोघे 'आपदा मित्र' या सरकारी योजनेचं प्रशिक्षण घेतलेले, बाकी माझ्यासारखे हौशी. यंदा ग्रामपंचायतीने उपकरणांसाठी सव्वा लाख काढले आहेत आणि मृगाआधी खरेदी उरकायची आहे.

गेल्या पावसाळ्यात नावेत माझाच फोन होता. पाऊस लागला आणि स्क्रीनवर पडणारा थेंबन्‌थेंब बोट झाला. नकाशा आपोआप मोठा होतोय, लहान होतोय, मधेच कोणालातरी फोन लागतोय. पाउचमध्ये टाकला तर ओल्या बोटाला दाद देईना. नंतर ऊन पडलं तर स्क्रीनचा आरसा झाला, त्यात फक्त माझी वाढलेली दाढी दिसत होती.

नावाडी मामा म्हणाले, "नदी मले पाठ हाये, पण पुरात ते नदी रायतेच कोठी?" पाणी बांध्यांत (धानाच्या खाचरांत) शिरलं की धुरे, पांदण, रपटा (ओढ्यावरचा बुटका पूल) सगळं एक होतं. खाली बिनकठड्याच्या विहिरी नि काटेरी तार, वर विजेच्या तारा हात पुरेल इतक्या खाली. म्हणून मी यंदा उन्हाळ्यात सायकलवर फिरून विहिरी नि डीपींच्या (विजेच्या रोहित्रांच्या) जागा फोनवर खुणावून ठेवल्या. ती खूण नावेतल्या माणसाला भर पावसात दिसली पाहिजे, एवढीच माझी मागणी आहे.

सरपंचांना (मान ठेवूनच बोलतो) ५५ इंची टीव्ही हवा आहे. भिंतीवर शोभेल, पाहुण्यांना दाखवता येईल. मला वाटतं सभागृहात ३२ इंची पुरे, राहिलेला पैसा नावेत जावा. मात्र टीव्ही अगदीच नको असंही नाही. धरणाचे संदेश व्हॉट्सॲपवर फोटोतून येतात, आणि एकदा आमच्याकडे क्युमेक क्युसेक समजून वाचलं गेलं. क्युमेक म्हणजे सेकंदाला सुटणारे घनमीटर, क्युसेक म्हणजे घनफूट; १ क्युमेक म्हणजे सुमारे ३५ क्युसेक! आकडा सगळ्यांसमोर मोठा दिसला असता तर कोणीतरी टोकलं असतं.

दुकानदार ७० हजारांचा रग्ड (धक्के-पाणी सोसणारा) टॅब दाखवतोय. त्यातला एकच घ्यावा, की साधे दोन टॅब नि एक बटणांचा जीपीएस? आणि लाइन गेल्यावर टीव्ही इन्व्हर्टरवर रात्रभर निघेल का? १५० एएचची एक बॅटरी आहे.

रानवाट
भाऊ, मी भामरागडकडचा. पर्लकोटा चढली की आमचा रस्ता बंद, पाठोपाठ टॉवरही मान टाकतो. नकाशे आधीच उतरवून ठेवा, जीपीएसला सिम लागत नाही. फक्त नेट नसताना पहिल्यांदा जागा सापडायला वेळ लागतो, म्हणून निघण्याआधी पाच-दहा मिनिटं उघड्या आभाळाखाली चालू ठेवा. नावेत बटणांचाच न्या. त्यातल्या काहींची स्क्रीन उन्हात उलट जास्त स्पष्ट दिसते, नि पेन्सिल सेलवर चालणारा मिळाला तर चार्जिंगची कटकटच नाही.

जुना_वायरमन
इन्व्हर्टरचा हिशोब: १२ व्होल्ट गुणिले १५० म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. जुनी बॅटरी निम्मं देईल असं धरा. ३२ इंची टीव्ही साधारण ५० वॅट खातो, तेव्हा रात्र निघेल. त्यावर पंखा लावू नका, लोक हमखास लावतात. आणि साध्या टॅबच्या सी-टाइप पोर्टमधून बहुतेक वेळा टीव्हीला चित्र जातच नाही, केबल घेऊन बसाल. दुकानातच जोडून बघा.

धानपट्टी
खोक्यावर दोन आकडे बघा. ब्राइटनेस १००० निट्सच्या आसपास हवा; स्वस्त टॅब ४०० च्या आगेमागे असतात, ते भर दुपारी कामाचे नाहीत. दुसरा आयपी६७, म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं. पण चार्जिंगचं रबरी झाकण उघडं राहिलं तर तो आकडा फुकट. आणि ब्रह्मपुरीच्या मे महिन्यात टिनाच्या खोलीत कपाटात ठेवू नका, बॅटरी फुगते. आमच्या दोन गेल्या.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. काल दुकानात बादलीभर पाणी नि एक मग घेऊन गेलो, दुकानदार हसत होता. ७० हजारवाल्यावर मगाने पाणी सोडल्यावर त्याचीही स्क्रीन नाचली. सेटिंगमध्ये 'वेट टच' सापडला, तो लावल्यावर शांत झाली. पण दुकानदाराला स्वतःला तो माहीत नव्हता, तर रात्री दोन वाजता मामांना कसा सापडणार? त्यामुळे बटणांचे दोन जीपीएस नि ३२ इंची टीव्ही असं ठरतंय. टीव्हीशेजारी पांढरा फळा, त्यावर क्युमेक-क्युसेकचे दोन रकाने ऑइलपेंटने. सरपंच अजून ५५ वर अडून आहेत, परवा मासिक सभा आहे. जेम या सरकारी खरेदी पोर्टलवरून बटणांचा जीपीएस कोणी घेतला असेल तर सेवा केंद्र नागपुरात आहे का तेवढं सांगा.