हौशी प्रोग्रामरने स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम लिहायला घ्यावी का?

धागाकर्ता :
ज्याला सी भाषा बऱ्यापैकी येते आणि संगणक आतून कसा चालतो याची ओढ आहे, त्याने हे काम जरूर हाती घ्यावे आणि जाणत्यांनी त्याला परावृत्त करू नये, असे माझे ठाम मत आहे. सुरुवात वाटते तितकी दुर्गम नाही. जुन्या बायोस (संगणक सुरू होताच चालणारा अंगभूत प्रोग्राम) पद्धतीत डिस्कच्या पहिल्या सेक्टरमधील ५१२ बाइट मेमरीत हेक्साडेसिमल (सोळा-आधारी अंकपद्धतीतील) ७सी०० या पत्त्यावर आणले जातात, आणि त्यांतले शेवटचे दोन बाइट ५५ व एए असले की प्रोसेसर आपला कोड चालवू लागतो. क्यूईमूसारखा एम्युलेटर (संगणकाची नक्कल करणारा प्रोग्राम) वापरला, तर चुकीपायी खरे यंत्र धोक्यात येत नाही. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्स यांनीही ऑगस्ट १९९१ मध्ये पुढे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या नावाने ओळखले गेलेले आपले काम केवळ छंद म्हणूनच जाहीर केले होते.

पहिला प्रतिसाद :
मी असहमत आहे. टॉरवाल्ड्स यांच्यासमोर मिनिक्स ही छोटी ऑपरेटिंग सिस्टीम चालू स्थितीत होती, सी कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा जीसीसी कंपायलर तयार होता आणि इंटेलच्या ३८६ प्रोसेसरवरील यंत्राचे हार्डवेअर आजच्या मानाने साधे होते. आज यूएसबी कीबोर्डवरची एक कळ वाचायची, तर आधी कंट्रोलर सुरू करून, जोडलेले उपकरण ओळखून, त्याला पत्ता द्यावा लागतो. यात नवख्याची उमेद संपते आणि कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) पडद्यावर चार अक्षरे उमटवून थांबतो. त्यापेक्षा एमआयटीत अध्यापनासाठी लिहिलेली एक्सव्ही६ ही छोटी ऑपरेटिंग सिस्टीम वाचावी, किंवा लिनक्समधला एखादा दोष दुरुस्त करावा. तिथे जाणकार आपला कोड तपासतात आणि केलेले काम इतरांच्या उपयोगी पडते.

दुसरा प्रतिसाद :
यूएसबीची अडचण खरी आहे, पण ती पुढची आहे. एम्युलेटरमध्ये जुना पीएस/२ कीबोर्ड मिळतो. तेवढ्यावर बरेच काम होते.

धागाकर्ता :
वाचनाला माझा विरोध नाही, परंतु वाचलेला कोड बरोबरच असतो आणि समज येते ती चुकलेला कोड सुधारताना. एका प्रोसेसकडून (चालू असलेल्या प्रोग्रामकडून) दुसरीकडे जाताना एक रजिस्टर (प्रोसेसरमधली छोटी साठवणीची जागा) जपायचे राहिले, तर बिघाड त्या जागी दिसत नाही. बऱ्याच वेळाने भलत्याच फंक्शनमध्ये चुकीचे उत्तर येते आणि माग काढत मागे यावे लागते. इंटरप्ट टेबल (कोणती घटना घडल्यास कोणता कोड चालवायचा याची यादी) चुकले, तर ट्रिपल फॉल्ट (चूक हाताळतानाच पुन्हा पुन्हा चूक) होऊन यंत्र काहीही न सांगता पुन्हा सुरू होते. अशा वेळी प्रोसेसरची संदर्भपुस्तिका ओळ न ओळ वाचली जाते. इतरांच्या उपयोगाचा निकष मला येथे लावावासा वाटत नाही. तरीही २०१८ मध्ये एका व्यक्तीने सुरू केलेल्या सेरेनिटीओएस या ऑपरेटिंग सिस्टीममधूनच पुढे लेडीबर्ड हा ब्राउझर निघाला.

पहिला प्रतिसाद :
आपण सांगता ती चूक एक्सव्ही६मध्येही मुद्दाम करता येते. प्रोसेस बदलणारा तिचा भाग पुसून स्वतः लिहावा. भोवतालचा बाकीचा कोड चालू असल्याने दोष आपल्याच ओळींत आहे हे तरी निश्चित राहते. नवख्याला मी हीच वाट सुचवेन.