शेवट माहीत असला म्हणून काय झालं?

'शेवट पाचव्या पानावरच कळतो, मग वाचायचं कशाला?' असं प्रेमकादंबऱ्यांबद्दल कुणी ना कुणी विचारतंच. अहो, कळू दे की! दोघं जुळणार हे ठरलेलंच असतं, मजा ती कशी जुळतात यात. जेनी हानच्या २०१४ च्या 'टू ऑल द बॉईज आय हॅव लव्ह्ड बिफोर'मध्ये लारा जीनने लपवलेली प्रेमपत्रं भलत्याच वेळी पोस्टात पडतात आणि लाज राखायला ती पीटरशी खोट्या प्रेमाचा करार करते. चक्क कागदावर, अटींसकट! पुढचं शेंबडं पोरही सांगेल. तरी पुस्तक खाली ठेववत नाही. (मला तर त्यातल्या बहिणींची भांडणं जास्त आवडली.)

शिवाय दिवसभर राबून दादरला विरार फास्ट लोकलमध्ये धक्के खात चढलं, नशिबाने तिघांच्या बाकावर कडेची चौथी सीट मिळाली, की मला जडजंबाळ काही झेपत नाही. छोटी प्रकरणं, खटकेबाज संवाद. अंधेरी ते बोरिवलीत एक प्रकरण आरामात उरकतं.

हां, एकाच साच्यातली लागोपाठ तीन वाचली की मळमळतं, हे मान्य. म्हणून नवी कोरी घेऊच नका. मुंबईत किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर जुनी मिळतात, घासाघीस मात्र करा.