चौथीपर्यंत मराठी, पाचवीपासून सगळं इंग्रजी: व्याकरण आणि कविता कशा जमल्या?

गोव्यात आपल्यापैकी अनेकांची गत हीच. १९९०च्या धोरणानंतर अनुदान प्रादेशिक भाषांतल्या प्राथमिक शाळांनाच मिळे. इंग्रजी प्राथमिकला ते २०११मध्ये खुलं झालं. मधल्या काळातली आम्ही मुलं चौथी मराठीतून करून पाचवीत एकदम इंग्रजीत पडलो. भाचा आता त्याच वाटेवर आहे. तुमचं गाडं कुठे अडलं आणि कशाने सुटलं, सविस्तर लिहा.

वाळपईहून
पॅसिव्ह व्हॉइस मला मराठीने शिकवला. आमचे सर फळ्यावर लिहायचे: रामाने आंबा खाल्ला, रामाने कैरी खाल्ली, रामाने आंबे खाल्ले. मग विचारायचे, "क्रियापद कोणाचं ऐकतं रे?" रामाचं नाही, हे मागच्या बाकावरच्यालाही दिसायचं. तिथून 'द मँगो वॉज ईटन' आणि 'द मँगोज वेअर ईटन' यांच्यावर उडी. वॉज की वेअर, हा घोळ वर्गात कोणाचाच उरला नाही. व्याकरणकार म्हणतील, मराठीचा कर्मणी प्रयोग आणि इंग्रजी पॅसिव्ह एक नव्हे. आपल्याकडे राम वाक्यात ठाण मांडून असतो, इंग्रजीत त्याला 'बाय' लावून मागे बसवतात किंवा गाळतात. खरं आहे. पण पाचवीच्या पोराला आधी पाय टेकायला जागा लागते. 'तक्ता पाठ करा' म्हणणाऱ्यांपेक्षा सर शंभर पटीने बरे.

मडगावहून
'अ' की 'अ‍ॅन'? स्पेलिंग बघू नका, तोंडाने म्हणा. अ‍ॅन आवर, अ युनिव्हर्सिटी. संपलं.

पेडण्याहून
डायरेक्ट-इनडायरेक्टमध्ये 'टुमॉरो'चं 'द नेक्स्ट डे' का होतं, हे ताईने समजावलं. ती म्हणाली, "मामा सोमवारी म्हणाला, मी उद्या येतो. तू हे मला शुक्रवारी सांगतेस. मग उद्या म्हणजे शनिवार का?" मराठीत आपण 'मामा म्हणाला की मी उद्या येतो' असं त्याच्याच तोंडचं ठेवतो आणि कोणाचं अडत नाही. इंग्रजीत सांगणाऱ्याच्या जागेवरून बोलावं लागतं, म्हणून 'ही सेड दॅट ही वुड कम द नेक्स्ट डे'. तीन शब्द बदलले, कारण एकच.

फोंड्याहून
मला कवितेने छळलं. सिमिली, मेटाफर सोपे, उपमा-रूपक मराठीत झालेलेच होते. पण आयँबिक पेंटामीटर, म्हणजे इंग्रजी कवितेचं ते वृत्त! काका देवळाच्या उत्सवातल्या नाटकांत कामं करायचे, वृत्ताचे गण लक्षात ठेवायचं सूत्र, यमाताराजभानसलगा, त्यांना झोपेतही यायचं. त्यांनी ओळ ऐकली आणि म्हणाले, "अगो, हे लगा लगा लगा लगा लगा." ल म्हणजे लघु, गा म्हणजे गुरू, पाच वेळा. फरक इतकाच, की आपण लघु-गुरू मात्रेने ठरवतो आणि इंग्रजीत आघाताने: कुठल्या अक्षरावर जोर, ते ऐकायचं. मग त्यांनी शेक्सपिअरची स्वगतं मला पडवीत उभं करून म्हणायला लावली. शेजारी हसायचे. अर्थ अर्धाच कळायचा, पण ओळ कुठे श्वास घेते ते कळायला लागलं. नोट्समधून ते कधीच आलं नसतं, आणि परीक्षेत मात्र नोट्सच चालायच्या.

पणजीहून
वरच्यांशी थोडी असहमत. व्याकरण मला चोख यायचं, तरी अनसीन पॅसेज दिसला की घाम फुटायचा. सेंट्रल लायब्ररीतून लहान मुलांच्या गोष्टी आणून वाचल्या, आठवीत असताना, वर्गमैत्रिणींपासून लपवून. अडलेला शब्द सोडून पुढे जायचं, ही सवय तिथे लागली. भाच्याला रोज दोन पानं मोठ्याने वाचायला लावा. चुका तिथल्या तिथे काढू नका.

वाळपईहून पुन्हा
प्रेपोझिशनवर कोणीतरी लिहा बाबा. मुलगा 'तिच्याशी लग्न'वरून 'मॅरीड विथ' आणि 'त्याबद्दल चर्चा'वरून 'डिस्कस अबाउट' लिहितो. 'मॅरीड टू' सांगितलं, 'डिस्कस'नंतर काहीच नको हेही सांगितलं. पुढच्या निबंधात पुन्हा तेच. इथे सरांची युक्ती उलटी पडते.